इंजिन फिरतंय पण पेटत नाही : बर्था बेंझने तेव्हा टोपीची पिन काढली होती

जुनी स्कूटर किंवा जुनी गाडी बाळगणाऱ्याला हा प्रकार नवा नाही. सकाळची घाई असते. किक मारली की इंजिन फिरतं, घरघरतं, पण पेट घेत नाही. जाम काही झालेलं नसतं, बॅटरीतही दम असतो, तरी गाडी दारातून हलत नाही.

अशा वेळी जाणता मेकॅनिक आला की आधी दोनच गोष्टी बघतो. पेट्रोल येतंय का? आणि ठिणगी पडतेय का?

तो प्लग काढतो. प्लग कोरडा असेल तर पेट्रोल वरपर्यंत पोचतच नाहीये. ओला असेल तर पेट्रोल येतंय, पण ते पेटवायला काही नाहीये. मग तोच प्लग वायरीला जोडून, पेट्रोलपासून लांब, इंजिनच्या लोखंडाला टेकवतो आणि इंजिन फिरवून बघतो. निळी ठिणगी दिसली तर ठीक, नाही तर दोष विजेच्या बाजूला. या दोन्हींतून काही निघालं नाही, तर इंजिनात दाब तयार होतोय का ते बघायचं. इंधन, ठिणगी आणि दाब. गाडी कितीही जुनी असो, इंजिनाला या तीन गोष्टी लागतातच.

ही तपासणी इतकी सवयीची झालीय की तिचा इतिहास कुणी विचारत नाही. पण मोटारीने केलेल्या जगातल्या पहिल्या लांबच्या प्रवासात, वर्कशॉपपासून कित्येक मैल दूर, ती एका बाईने केली होती. तिचं नाव बर्था बेंझ.

आज मर्सिडीज-बेंझ या नावातलं 'बेंझ' म्हणजे कार्ल बेंझ, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. बर्था म्हणजे त्याची बायको, जी एकदा नवऱ्याला न सांगता गाडी घेऊन माहेरी गेली, एवढंच सोशल मीडियावर फिरत असतं. किस्सा खरा आहे. पण तो तेवढाच सांगितला की बर्था म्हणजे एक धाडसी, जरा अवखळ गृहिणी वाटते. प्रत्यक्षात त्या दिवशी गाडीवर बसलेल्या बाईला ते इंजिन आतून-बाहेरून माहीत होतं. का माहीत होतं, ते समजायला जरा मागे जावं लागतं.

बर्था रिंगर हिचा जन्म ३ मे १८४९ चा, जर्मनीतल्या बाडेन प्रांतात, फोर्त्सहाइम गावी. वडील सुतारकाम आणि बांधकामातून वर आलेले, घरची परिस्थिती चांगली. बर्था जन्मली तेव्हा घरच्या बायबलमध्ये तिच्या जन्माची नोंद करताना वडिलांनी 'दुर्दैवाने पुन्हा मुलगीच' अशा अर्थाचं काहीतरी लिहिलं होतं आणि पुढे ते तिच्या वाचनात आलं, असं सांगतात. त्या काळी तिथे मुलींना विद्यापीठाचे दरवाजे बंद होते. यंत्रांची आवड असली तरी त्याचं करायचं काय, हा प्रश्नच होता.

२७ जून १८६९ रोजी एका सहलीत तिची गाठ कार्ल बेंझशी पडली. हा तरुण कार्ल्सरुहच्या पॉलिटेक्निकमध्ये शिकलेला इंजिनिअर. खिशात पैसा नाही, डोक्यात मात्र एकच वेड : घोड्याशिवाय चालणारी गाडी. दोघांचं जमलं.

१८७१ मध्ये कार्लने ऑगस्ट रिटर नावाच्या भागीदाराबरोबर मानहाइम शहरात वर्कशॉप काढलं. भागीदार भरवशाचा निघाला नाही आणि धंदा सुरू होतो न होतो तोच बुडायच्या बेतात आला. बर्थाने तेव्हा वडिलांकडे आपला हुंडा मागितला, तोही लग्नाच्या आधी. त्या पैशांतून रिटरचा हिस्सा विकत घेऊन त्याला बाहेर काढलं गेलं. हुंडा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे वेगळंच चित्र येतं. इथे मात्र मुलीने स्वतःहून, होणाऱ्या नवऱ्याच्या धंद्यात आपला सगळा पैसा घातला होता. आजच्या भाषेत सांगायचं तर बेंझच्या स्टार्टअपमधली ही सुरुवातीची गुंतवणूकदार. २० जुलै १८७२ रोजी त्यांचं लग्न झालं.

पुढची वर्षं वाईट गेली. जर्मनीत मंदी होती. १८७७ मध्ये कर्ज फेडता येईना, जप्तीपर्यंत वेळ आली. घरात तोवर तीन मुलं झालेली. या सगळ्यातून बाहेर पडायला कार्लने ठरवलं की विकता येईल असं एक इंजिन बनवायचं. चार स्ट्रोकच्या इंजिनाचं पेटंट निकोलाउस ओटोकडे होतं, म्हणून कार्लने दोन स्ट्रोकचा रस्ता धरला.

आणि तिथे नेमका तोच घोळ झाला, जो आज दारात उभ्या असलेल्या जुन्या स्कूटरचा होतो. इंजिन फिरवलं की फिरायचं, पण नीट पेट घेऊन चालू काही राहायचं नाही. वायू आणि हवा योग्य प्रमाणात मिसळली पाहिजे, ती दाबली गेली पाहिजे आणि नेमक्या क्षणी पेटली पाहिजे. एकही क्षण चुकला तर चाक हाताने कितीही फिरवा, सोडलं की थांबणार. पुढे आपल्या आठवणी लिहिताना कार्लने ठिणगीच्या प्रश्नाला सगळ्यांत अवघड प्रश्न म्हटलं, ते उगाच नाही.

३१ डिसेंबर १८७९. वर्षाची शेवटची रात्र. रात्रीचं जेवण उरकलं आणि बर्थाने विषय काढला, आज पुन्हा एकदा वर्कशॉपमध्ये जाऊन बघू या. दोघं अंधारात वर्कशॉपमध्ये गेले. कार्लने इंजिन फिरवलं आणि या वेळी ते चालू झालं. चालूच राहिलं. दोघं जवळजवळ तासभर तिथे उभं राहून तो आवाज ऐकत होते. बाहेर नव्या वर्षाच्या घंटा वाजायला लागल्या होत्या.

ज्या बाईचा हुंडा, घर आणि पोरांचं जेवण त्या एका आवाजावर अवलंबून होतं, तिला इंजिन कधी पेटतं आणि कधी पेटत नाही हे कळायला वेगळी शाळा लागली नसेल.

पुढचा इतिहास बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतो. १८८३ मध्ये नव्या भागीदारांबरोबर 'बेंझ आणि कंपनी' सुरू झाली. २९ जानेवारी १८८६ रोजी कार्लने तीन चाकांच्या मोटारगाडीच्या पेटंटसाठी अर्ज केला. क्रमांक ३७४३५. एक सिलिंडर, चार स्ट्रोक, ९५४ सीसी, आणि ताकद पाऊण हॉर्सपॉवरच्या आसपास, म्हणजे आजच्या साध्या स्कूटरहून कितीतरी कमी. किक नाही, स्टार्टर नाही. मागे बसवलेलं मोठं आडवं चाक हाताने फिरवायचं आणि इंजिन पेट घेईल याची वाट बघायची.

गाडी झाली, पण गिऱ्हाईक येईना. लोक घाबरायचे, हसायचे. कार्ल हाडाचा इंजिनिअर, त्याला ती अजून पूर्ण झालीय असंच वाटत नव्हतं. त्याचं सुधारणा करणं चालूच. गाडी शहराभोवती चार फेऱ्या मारायची आणि परत यायची. कारखान्यातून शंभर किलोमीटरवर ती बंद पडली तर काय होईल, हे कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण तेवढं लांब कुणी गेलंच नव्हतं.

१८८८ च्या ऑगस्टमध्ये, शाळांना सुट्टी असताना, एका पहाटे कार्ल झोपेत असतानाच बर्थाने गाडी बाहेर काढली. सोबत दोन मुलगे, १५ वर्षांचा ऑयगेन आणि १३ वर्षांचा रिशार्ड. जायचं कुठे, तर फोर्त्सहाइमला, माहेरी. अंतर १०० किलोमीटरच्या वर. रस्ते घोडागाड्यांसाठी केलेले, चढउतारांचे. पेट्रोल पंप नावाची गोष्टच जगात नव्हती.

आता यातली मजा बघा. त्या प्रवासात गाडीने जे जे दोष दाखवले, ती जवळजवळ आजच्या मेकॅनिकची यादीच आहे.

पहिली अडचण इंधनाची. गाडी चालायची लिग्रोइनवर. हे पेट्रोलियमपासून निघणारं, डाग काढायला वापरलं जाणारं एक द्रव्य, आणि ते मिळायचं औषधाच्या दुकानात. हायडेलबर्ग ओलांडून वीस्लोख गावात पोचल्यावर बर्था तिथल्या दुकानात गेली आणि लिग्रोइन घेतलं. जगातला पहिला पेट्रोल पंप म्हणून आज त्याच औषधाच्या दुकानाचं नाव घेतात.

मग इंधन असूनही इंजिन बंद पडलं. चाक फिरतंय, इंजिन पेटत नाही. इंधनाच्या नळीत कचरा अडकला होता. बर्थाने टोपीला लावलेली लांब पिन काढली, नळी मोकळी केली आणि गाडी पुन्हा सुरू झाली. कार्ब्युरेटरचा जेट बारीक तारेने साफ करणारा मेकॅनिक तुम्ही पाहिला असेल, तर हे तेच काम.

दुसऱ्यांदा बिघाड आला तो विजेच्या बाजूने. ठिणगीकडे जाणाऱ्या वायरीवरचं आवरण घासून गेलं होतं. अशी उघडी वायर गाडीच्या लोखंडाला लागली की वीज तिथेच निघून जाते आणि ठिणगी पडायची ती पडतच नाही. मेकॅनिक लोक याला 'शॉर्ट' म्हणतात. बर्थाने पायमोजे वर धरून ठेवणारा आपला इलॅस्टिकचा पट्टा काढला आणि त्याने वायर झाकली. आज तिथे काळी इन्सुलेशन टेप लावली जाते.

पिन आणि पट्टा यांच्या गमतीवर सगळे हसतात आणि पुढे जातात. पण क्षणभर थांबून विचार करायला हवा. दोन्ही वेळा इंजिनाने समोर ठेवलेलं लक्षण एकच होतं : फिरतंय, पेटत नाही. एकदा दोष इंधनात होता, एकदा विजेत. चुकीच्या जागी शोधत बसली असती, तर दोन मुलांना घेऊन परक्या रस्त्यावर रात्र काढावी लागली असती. इंधन अडलं की इंजिन सहसा आधी अडखळतं, धापा टाकतं आणि मग थांबतं. वायर निसटली किंवा शॉर्ट झाली की ते बहुतेक वेळा एकदम बंद पडतं. असले फरक कानाला कळावे लागतात. बर्थाला ते कळले असणार, नाहीतर पिन आणि पट्टा दोन्ही असूनही काही उपयोग झाला नसता.

बाकीचे दोष गाडी चालण्यातले होते. इंजिन थंड ठेवायचं पाणी उकळून उडून जायचं, त्यामुळे मिळेल तिथे विहिरीवर, ओढ्यावर थांबून ते भरावं लागायचं. साखळी सैल झाली तेव्हा लोहाराची मदत घेतली. उतारावर लाकडी ब्रेक झिजले, तर बाउश्लोट गावातल्या चांभाराकडून त्यांवर चामडं बसवून घेतलं. ब्रेक लायनिंगची सुरुवात इथून झाली असं मानतात. चढ आला की मुलं खाली उतरून ढकलायची.

संध्याकाळ उलटता उलटता तिघं फोर्त्सहाइमला पोचले. बर्थाने कार्लला तार केली. काही दिवसांनी ती त्याच गाडीने, थोड्या वेगळ्या रस्त्याने मानहाइमला परतली.

घरी आल्यावर तिने कार्लसमोर काय काय ठेवलं असेल, याची कल्पना करता येते, कारण त्यानंतर गाडीत काय बदललं ते माहीत आहे. चढासाठी आणखी एक, कमी वेगाचा गिअर आला. ब्रेकवर चामडं आलं. त्याच वर्षी म्युनिकच्या प्रदर्शनात गाडीला सुवर्णपदक मिळालं. हळूहळू गिऱ्हाइकं यायला लागली, तीही जास्त करून फ्रान्समधून. १८९९ मध्ये बेंझच्या कारखान्याने ५७२ गाड्या बनवल्या, तेव्हा ती जगातली सर्वांत मोठी मोटार कंपनी होती.

हे सगळं त्या एका प्रवासामुळे झालं, असं म्हणणं अती होईल. पण गाडी मालकाच्या वर्कशॉपबाहेर चालते, आणि बंद पडली तर रस्त्यावर दुरुस्त करता येते, हे त्याआधी कुणी दाखवलं नव्हतं.

बर्थाला पाच मुलं झाली. कार्लने १९०३ मध्ये कंपनीच्या कारभारातून अंग काढून घेतलं आणि पुढे कुटुंब लाडेनबुर्ग गावी राहायला गेलं. तिथे त्याने मुलांबरोबर वेगळा कारखाना काढला. १९२५ मध्ये कार्लच्या आठवणींचं पुस्तक आलं. १९२६ मध्ये बेंझ आणि डाइमलर या कंपन्या एक झाल्या. ४ एप्रिल १९२९ रोजी कार्ल गेला. बर्था त्याच्यानंतर पंधरा वर्षं जगली.

३ मे १९४४ ला ती ९५ वर्षांची झाली. महायुद्ध चालू होतं. ज्या कार्ल्सरुहमध्ये तिचा नवरा शिकला होता, तिथल्या तांत्रिक विद्यापीठाने त्या दिवशी तिला मानद सिनेटर केलं. दोन दिवसांनी, ५ मे रोजी, लाडेनबुर्गच्या घरी तिचं निधन झालं.

तिने घेतलेला रस्ता २००८ पासून जर्मनीत 'बर्था बेंझ स्मृतिमार्ग' म्हणून ओळखला जातो. जाऊन-येऊन १९४ किलोमीटर, वाटेत पाट्या लावलेल्या आहेत आणि वीस्लोखचं ते औषधाचं दुकान त्याच मार्गावर आहे. अमेरिकेतल्या ऑटोमोटिव्ह हॉल ऑफ फेममध्ये कार्लचं नाव १९८४ मध्ये लागलं होतं. बर्थाचं लागायला २०१६ उजाडलं.