समर्थांची साधना

बुलढाणा जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला धाड हे गाव आहे. तेथून दक्षिणेकडे निघाले, की लवकरच जालना जिल्हा लागतो. आणि त्या जिल्ह्याच्या दक्षिण भागात, गोदावरीच्या खोऱ्यात, जांब नावाचे खेडे आहे. तेथे सूर्याजीपंत ठोसर व राणूबाई या दांपत्याच्या पोटी १६०८ साली रामनवमीस नारायणाचा जन्म झाला. हाच नारायण पुढे समर्थ रामदास म्हणून विख्यात झाला.

वडील लवकर वारले. नारायण बारा वर्षांचा झाला, तेव्हा राणूबाईंनी त्याचे लग्न ठरविले. मंगलाष्टके चालू असता सावधान हा शब्द कानी पडताच तो बोहल्यावरून पळाला, ही कथा तुम्ही ऐकली असेल. ती ऐकताना आपल्याला मौज वाटते. परंतु त्या दिवशी आईच्या मनाची काय अवस्था झाली असेल, याचा विचार फारसा कोणी करीत नाही.

नारायण पायी चालत नाशिकला पोहोचला आणि जवळच्या टाकळी गावी, नंदिनी व गोदावरी यांच्या संगमाजवळ, एका गुहेत राहू लागला. तेथे त्याने बारा वर्षे काढली. सूर्योदयापासून मध्यान्हापर्यंत तो नदीच्या पाण्यात उभा राहून जप करी. तेरा अक्षरांच्या राममंत्राचा त्याने तेरा कोटी जप केला, अशी परंपरा आहे. हिशेब करून पाहा : दररोज जवळजवळ तीस हजार ! दुपारी माधुकरी मागून आणावी, रामाला नैवेद्य दाखवावा आणि मग जेवावे. त्यानंतर ग्रंथांचे अध्ययन चाले. याच काळात त्याने वाल्मीकिरामायण स्वहस्ते उतरून काढले. त्याच्या हातची मानली जाणारी ती पोथी धुळे येथे जतन केलेली आहे. व्यायामही कधी चुकला नाही. एकांतात केवळ डोळे मिटून बसणे एवढीच काही ही साधना नव्हती.

१६३२ साली टाकळी सोडून समर्थांनी आणखी बारा वर्षे भारतभर तीर्थयात्रा केली. ती संपवून ते जांबेस आले, तेव्हा घर सोडल्यास चोवीस वर्षे लोटली होती. मुलाच्या वियोगाने रडून रडून राणूबाईंची दृष्टी गेली होती, असे सांगतात. दारात गोसाव्याचा आवाज ऐकून त्यांनी तो आपल्या नारायणाचा म्हणून ओळखला. समर्थ काही काळ आईजवळ राहिले आणि १६४४ साली तिचा निरोप घेऊन कृष्णाकाठी आले.

तेथे १६४८ साली त्यांनी चाफळचे राममंदिर उभारले. आता ते स्वतः गुरू झाले होते. मनाचे श्लोक दोनशे पाच आहेत; त्यांत त्यांनी चंचल मनाला शत्रू न मानता सज्जन म्हणून हाक मारली आहे. रागावलेल्या मुलाची समजूत घालावी, तशी ही मनाची समजूत आहे. परंतु ध्यान आणि जप यांवरच शिष्याचे शिक्षण संपत नसे. भिक्षेच्या निमित्ताने त्याने घरोघर जाऊन माणसे पारखावी, कीर्तन करावे आणि हस्ताक्षरही सुधारावे, असा दंडक होता. दासबोधात लेखनासाठी एक स्वतंत्र समासच आहे. अक्षर आरंभापासून अखेरपर्यंत सारखे असावे आणि तरुणपणी फार बारीक लिहू नये, कारण म्हातारपणी ते आपल्यालाच वाचता येत नाही, इतका बारकावा त्यात आहे !

असा तयार झालेला शिष्य महंत होऊन दूरच्या मठात जाई. उद्धव टाकळीस राहिला, कल्याण डोमगावी गेला, भीमस्वामी थेट तंजावरला पोहोचले. वेणाबाई ही बालविधवा. त्या काळी विधवेने कीर्तनास उभे राहणे लोकांना मुळीच रुचत नसे. समर्थांनी तिला कीर्तनाची आज्ञा दिली आणि मिरजेचा मठ तिच्या हाती सोपविला. त्याबद्दल लोकनिंदा झाली. ती त्यांनी मनावर घेतली नाही.

शके १६०३ च्या माघ वद्य नवमीस, म्हणजे १६८२ साली, समर्थांनी सज्जनगडावर देह ठेवला. त्यानंतर गडावरील व चाफळच्या मठाची व्यवस्था अनेक वर्षे सांभाळली, ती त्यांच्या शिष्या अक्काबाईंनी.