ज्याने मुंबईला प्लेगची लस दिली, त्याच्यावरच १९ मृत्यूंचा ठपका आला होता

धाराशिव-सोलापूर भागातल्या जुन्या माणसांना मरीआईचा गाडा माहिती असतो. पटकी नाहीतर प्लेगची साथ आली की हा गाडा गावाच्या वेशीबाहेर नेऊन सोडायचा. तरीही माणसं मरायची थांबली नाहीत, तर गाव रिकामं करून रानात झोपड्या टाकायच्या. लोकांच्या हातात तेवढंच होतं.

या दोन्ही रोगांवर लस बनवणारा माणूस मात्र एकच होता. वाल्डेमार हाफकिन. परळची हाफकिन संस्था आपण ऐकून असतो, पण ज्याच्या नावाने ती आहे त्याची गोष्ट फारशी कुणी सांगत नाही.

१८६० साली ओडेसातल्या एका ज्यू कुटुंबात त्याचा जन्म झाला. रशियात ज्यूंना पुढे जायची वाट बंद होती, म्हणून तो पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये पोहोचला. तिथे सुरुवातीला काम मिळालं ते ग्रंथालयात. १८९२ मध्ये त्याने पटकीची लस बनवली आणि आधी स्वतःला टोचून घेतली. पुढच्याच वर्षी तो भारतात आला.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात गोव्याचे डॉक्टर अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. हाफकिनला कलकत्त्याहून बोलावलं गेलं. ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये एक खोली, एक व्हरांडा, एक कारकून आणि तीन शिपाई एवढ्यावर त्याने काम सुरू केलं.

आता या जंतूबद्दल थोडं. १८८४ पासून जंतूंना रंग देऊन ओळखायची ग्रॅम पद्धत आली होती. जांभळा रंग धरून ठेवतात ते ग्रॅम-पॉझिटिव्ह. जे तो सोडतात आणि नंतर गुलाबी दिसतात, ते ग्रॅम-निगेटिव्ह. प्लेगचा जंतू दुसऱ्या गटातला. पण या गटात जंतू ढीगभर, त्यामुळे नुसत्या रंगावर निकाल लागत नाही. त्यात हा जंतू सावकाश वाढतो आणि दुसरे जंतू त्याच्या पुढे निघून जातात.

हाफकिनने यावर शक्कल लढवली. मांसाच्या रश्शावर त्याने तुपाचे थेंब तरंगत ठेवले. प्लेगचे जंतू त्या थेंबांना धरून छतावरच्या जळमटांसारखे खाली लोंबत वाढायचे. म्हणजे भरपूर जंतू मिळायचे आणि ओळखही पटायची. मग उष्णता देऊन ते मारायचे, की लस तयार.

१० जानेवारी १८९७ ला त्याने ही लसही आधी स्वतःलाच टोचली. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला आणि तिथल्या कैद्यांवर तिचा उपयोग दिसून आला. त्याच साथीत, मार्चमध्ये, रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या. जूनमध्ये पुण्यात रँडवर गोळी झाडली गेली. सरकारी माणसांवर विश्वास उरला नव्हता, तेव्हा आगाखानांनी लोकांसमोर लस टोचून घेतली. १८९९ मध्ये परळला प्रयोगशाळा उभी राहिली.

आणि मग ३० ऑक्टोबर १९०२ उजाडला. पंजाबातल्या मुलकोवाल गावात १०७ जणांना लस दिली गेली. त्यातले १९ जण धनुर्वाताने मेले. त्या १९ जणांना लस एकाच बाटलीतून दिली होती, बाटली ५३-एन.

चौकशी बसली. झटपट जास्त लस बनवण्यासाठी हाफकिनने कार्बॉलिक अॅसिड वापरणं बंद केलं होतं, त्यावर बोट ठेवलं गेलं. दोष प्रयोगशाळेचा ठरला आणि त्याचं पद गेलं.

पण पुरावा वेगळं सांगत होता. बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता, आणि धनुर्वाताचा जंतू राहतो मातीतच. शिवाय तो जंतू बाटलीत आठवडेच्या आठवडे वाढला असता, तर उघडताच घाण वास आला असता. तसा वास कुणालाच आला नव्हता. १९०७ मध्ये रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी लंडनच्या 'टाइम्स'मध्ये त्याची बाजू मांडली. त्याच वर्षी तो निर्दोष ठरला.

तो भारतात परतला, पण कलकत्त्याला. मुंबईची प्रयोगशाळा त्याला परत मिळाली नाही. १९२५ मध्ये तिला त्याचं नाव दिलं गेलं आणि १९३० मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझानला तो वारला.

लसीच्या बाटलीवर बारीक अक्षरात बॅच नंबर छापलेला असतो. पुढच्या वेळी दिसला की ५३-एन आठवा. बाटलीवर नंबर होता, म्हणूनच तर १९ मृत्यूंचा माग एका चिमट्यापर्यंत काढता आला.