कै. गोपाळ गणेश आगरकर : एका निर्धन विद्यार्थ्याचे चरित्र



आपल्या ज्ञातीतील पुष्कळ मुले-मुली दहावी-बारावीच्या परीक्षा उत्तम रीतीने उत्तीर्ण होतात. परंतु महाविद्यालयात पाऊल टाकल्यावर एक-दोन वर्षांतच त्यांतील काहींचे शिक्षण खुंटते. बुद्धी कमी पडते म्हणून असे होते काय? प्रस्तुत लेखकाने आयुष्यभर शाळेत मुले शिकविली आणि त्याचे उत्तर ‘नाही’ असेच आहे. या प्रश्नावर कोरडा उपदेश करण्यापेक्षा एका थोर पुरुषाच्या विद्यार्थिदशेची हकीकत सांगणे अधिक उपयोगी पडेल, असे वाटल्यावरून कै. गोपाळ गणेश आगरकर यांचे चरित्र येथे थोडक्यात देत आहे. ते कोणत्या ज्ञातीत जन्मले हे सांगण्याचे कारण नाही. खुद्द त्यांनाच ते रुचले नसते.

आगरकरांचा जन्म १४ जुलै १८५६ रोजी कऱ्हाडजवळ, कृष्णाकाठच्या टेंभू या खेड्यात झाला. घरची अत्यंत गरिबी. प्राथमिक शिक्षण कऱ्हाडास आजोळच्या आश्रयाने झाले. पण पुढे इंग्रजी शिकण्याची सोय तेथे नव्हती. काही दिवस त्यांनी कचेरीत उमेदवारी केली. तेथेच चिकटून राहिले असते तर एक सामान्य कारकून म्हणून त्यांचा जन्म सुखाने गेला असता. परंतु विद्येची ओढ त्यांस स्वस्थ बसू देईना. शिक्षणासाठी ते घाट उतरून पायी रत्नागिरीस गेले. तेथे निर्वाह होईना, म्हणून परत यावे लागले. कऱ्हाडास दवाखान्यात कंपाउंडरचे काम केले. अखेर नातलगांच्या आधाराने ते वऱ्हाडात अकोल्यास पोचले आणि तेथून १८७५ साली मॅट्रिक झाले. त्या वेळी त्यांचे वय एकोणीस वर्षांचे होते. आपल्या मुलाचे एखादे वर्ष वाया गेले म्हणजे जणू सर्वस्व बुडाले असे मानणाऱ्या पालकांनी हे ध्यानात ठेवावे.

अकोल्यास त्यांना विष्णु मोरेश्वर महाजनी यांच्यासारखे विद्वान शिक्षक लाभले. या शिष्याचे तेज महाजनींनी ओळखले व त्यास उत्तेजन दिले. तेथेच ‘वऱ्हाड समाचार’ पत्रात लिहून चार पैसे मिळविण्याचा मार्गही आगरकरांना सापडला. लेखणी ही पोटाची साधन होऊ शकते, हे त्यांस येथे उमगले.

मॅट्रिकनंतर ते पुण्यास डेक्कन कॉलेजात दाखल झाले. खरी कसोटी येथे लागली. शिष्यवृत्ती, निबंधांची बक्षिसे आणि वर्तमानपत्रांतील लेखन यांवर त्यांनी कसाबसा गुजारा चालविला. अंगात घालावयास एकच सदरा. तो रात्री धुवून वाळत घालावा आणि सकाळी तोच घालून वर्गात बसावे, अशी त्यांची स्थिती होती असे सांगतात. सधन घरची मुले भोवती असता या गोष्टीची त्यांनी लाज बाळगली नाही, हे विशेष होय. परगावी शिकणारी आपली मुले गरिबीने जितकी खचतात, त्याहून अधिक ती लपविण्याच्या धडपडीने खचतात.

एकदा तर परीक्षेची फी भरण्यास पैसा नव्हता. तेव्हा एखादे नाटक लिहून द्यावे व त्या पैशातून फी भरावी, असा बेत त्यांनी केला. ही वार्ता गणिताचे प्राध्यापक केरूनाना छत्रे यांच्या कानी गेली. त्यांनी फीची सोय करून दिली आणि सर्व लक्ष अभ्यासाकडे लावण्यास सांगितले, अशी आठवण सांगितली जाते. १८७८ साली आगरकर बी. ए. झाले. दरम्यान १८७७ मध्ये त्यांचा विवाहही झाला होता. म्हणजे संसाराचा भार शिरावर घेऊनच त्यांनी ही पदवी मिळविली. पुढे ते एम. ए. झाले.

केवळ परीक्षेपुरते वाचणारे ते विद्यार्थी नव्हते. मिल्ल, स्पेन्सर यांचे ग्रंथ त्यांनी मनःपूर्वक अभ्यासिले. याच काळात बाळ गंगाधर टिळक यांच्याशी त्यांचा स्नेह जडला. कॉलेजच्या परिसरात फिरताना हे दोघे तरुण देशस्थितीवर तासन्‌तास बोलत, आणि सरकारी नोकरी न धरता शिक्षणकार्याला वाहून घेण्याचा निश्चय त्यांतूनच पक्का झाला. एम. ए. झाल्यावर मुलगा मोठ्या पगाराचा अंमलदार होईल, ही आईची स्वाभाविक आशा. आपण पोटापुरत्या मिळकतीवर समाधान मानून इतरांच्या हिताकरिता वेळ घालविणार, असे आगरकरांनी आईला पत्राने कळविले. ते पत्र महाराष्ट्रात प्रसिद्धच आहे.

पुढील हकीकत बहुतेकांस ठाऊक आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकर व टिळक यांनी जानेवारी १८८० मध्ये काढलेल्या न्यू इंग्लिश स्कुलात ते शिक्षक झाले. १८८१ पासून १८८७ पर्यंत ‘केसरी’चे संपादक होते. कोल्हापूर प्रकरणात १८८२ साली टिळकांसह त्यांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. डेक्कन एज्युकेशन सोसायटी १८८४ मध्ये व फर्ग्युसन कॉलेज १८८५ मध्ये स्थापन झाले, त्यांतही त्यांचा वाटा मोठा होता. सामाजिक सुधारणेच्या प्रश्नावर टिळकांशी मतभेद झाल्यावर १८८८ साली त्यांनी ‘सुधारक’ पत्र काढले. बालविवाह, केशवपन, जातिभेद यांवर त्यांनी निर्भयपणे लिहिले. संतप्त लोकांनी त्यांच्या हयातीतच त्यांची प्रेतयात्रा काढली. तरी ते डगमगले नाहीत. १८९२ मध्ये ते फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले. दम्याने मात्र शरीर पोखरले होते. १७ जून १८९५ रोजी, वयाची एकोणचाळीस वर्षेही पुरी होण्यापूर्वी, ते निवर्तले. आपल्या अंत्यविधीपुरते पैसे त्यांनी वेगळे बांधून ठेविले होते, असे सांगतात.

आता आपल्याकडे वळू. आपला बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, आणि मराठवाड्यास स्वतःचे विद्यापीठ १९५८ साली मिळाले. आज कड्यातच महाविद्यालय आहे. २०२२ साली नगर-आष्टी रेल्वेही कड्यावरून धावू लागली. वाट जवळ आली, परंतु वाटेवरील अडचणी सरल्या नाहीत.

येथे स्वतःची एक चूक कबूल करतो. माझा एक हुशार विद्यार्थी महाविद्यालयात गेला याचा मला फार अभिमान होता. पुढे कळले की पहिल्याच वर्षी तो शिक्षण सोडून आईबापांबरोबर ऊसतोडीस गेला. मला समजले तेव्हा परीक्षा होऊन गेली होती. अडचण थोड्या पैशांची होती. त्याने सांगितले नाही आणि मी विचारले नाही. मी स्वतः परिस्थितीमुळे मॅट्रिकवर थांबलेला मनुष्य. मला तरी हे सुचावयास हवे होते. केरूनानांनी शिष्याच्या अडचणीची वार्ता कानी येताच हालचाल केली. मी मात्र वार्ता कानी येण्याची वाट पाहत बसलो.

म्हणून तीन विनंत्या करतो. विद्यार्थ्यांनी प्रामाणिक श्रमाची व साध्या कपड्याची लाज धरू नये, आणि अडचण वेळीच बोलून दाखवावी. पालकांनी लग्नकार्यातील डामडौल आखडून तो पैसा मुलांच्या, विशेषतः मुलींच्या, शिक्षणाकडे वळवावा. आणि आपण वडीलधाऱ्यांनी पहिल्या वर्षाच्या प्रत्येक विद्यार्थ्याची दर महिन्यास आपण होऊन चौकशी करावी. ही चौकशी करताना मूल आपल्या ज्ञातीचे की परक्या, हे पाहू नये. जातिभेदावर प्रहार करणाऱ्या पुरुषाचे चरित्र ज्ञातीच्या अंकात छापावयाचे, तर एवढे तरी ऋण आपण मान्य केले पाहिजे.