तंजावरचे श्वार्ट्झ साहेब

तंजावर येथे शिवगंगा तलावाजवळ एक जुने उपासनामंदिर आहे. ते इ. स. १७७९ मध्ये बांधले गेले. आत शुभ्र संगमरवरात कोरलेले एक शिल्प आहे. त्यात एक वृद्ध मिशनरी मृत्युशय्येवर पडला असून एक मराठा राजा त्याचा हात हाती धरून उभा आहे. हे शिल्प कोणा मंडळीने नव्हे, तर भोसले कुळातील सरफोजी महाराजांनी इंग्लंडातील प्रख्यात शिल्पकार जॉन फ्लॅक्समन यांजकडून करविले. हिंदु राजाने असे का करावे, हे वाचकांस कळावे म्हणून त्या मिशनरीचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात देतो.

ख्रिश्चन फ्रीडरिख श्वार्ट्झ यांचा जन्म १७२६ साली प्रशियात झाला. १७५० साली ते तरंगंबाडीस उतरले, ते पुन्हा मायदेशी गेलेच नाहीत. ते अविवाहित राहिले व त्यांची राहणी साधी असे. १७७९ साली मद्रास सरकारने त्यांस हैदर अलीकडे बोलणी करण्यास पाठविले. हैदराने वाटखर्चास दिलेले ३०० रुपये त्यांनी अनाथ मुलांच्या शाळेस लाविले.

पुढे युद्धात तंजावरच्या किल्ल्यात धान्याचा तुटवडा पडला. अधिकाऱ्यांनी पूर्वी मोबदला बुडविला असल्यामुळे रयत धान्य व बैल देईना. श्वार्ट्झ यांनी पैशाची हमी घेताच धान्य येऊ लागले, आणि त्यांनी सर्वांचे दाम चुकते केले.

१७८७ साली तुळजाजी राजांनी मरतेसमयी दहा वर्षांचा दत्तक पुत्र सरफोजी यांस श्वार्ट्झ यांच्या स्वाधीन करण्याची इच्छा दर्शविली. राज्यकारभार हाती घेण्याचे श्वार्ट्झ यांनी नाकारिले. परंतु चुलते अमरसिंग यांजकडून मुलाचा छळ होऊ लागला, तेव्हा ते त्याच्या पाठीशी उभे राहिले. १७९३ साली सरफोजींस शिक्षणासाठी मद्रासेस नेण्यात आले. १३ फेब्रुवारी १७९८ रोजी श्वार्ट्झ निवर्तले. त्याच वर्षी सरफोजी गादीवर बसले.

सरफोजी अखेरपर्यंत हिंदूच राहिले. तथापि गुरूचे ऋण ते विसरले नाहीत, आणि ते ऋण त्यांनी उपासनामंदिरात सर्वांच्या डोळ्यांसमोर ठेविले.

आपल्या यवतमाळ जिल्ह्यातील खेड्यांत संगमरवर कोठून येणार? परंतु केवळ आपल्या शब्दावर शेजाऱ्याने धान्याची गाडी सोडावी, असे वर्तन ठेवणे प्रत्येकाच्या हाती आहे. श्वार्ट्झ यांचे खरे स्मारक तेच होय.