शिवनेरीवरच्या जिजाऊ

राजमाता जिजाबाई हे नाव उच्चारले, की डोळ्यांसमोर एकच चित्र उभे राहते. मांडीवर बाळ शिवाजी आणि त्याला रामायण-महाभारतातील कथा सांगणारी माता! आम्हा जुन्नर-आंबेगावच्या मुलामुलींना तर हे चित्र बाळकडूबरोबरच मिळते. परंतु या चित्राच्या आधीच्या महिन्यांकडे आपले फारसे लक्ष जात नाही. शिवरायांचा जन्म शिवनेरीवर झाला हे आपण अभिमानाने सांगतो. त्या जन्मापूर्वी एक गरोदर स्त्री आपले दिवस तेथे काढीत होती, हे मात्र विसरतो. मला लिहायचे आहे ते त्या स्त्रीविषयी.

जिजाबाईंचा जन्म १२ जानेवारी १५९८ रोजी सिंदखेडराजा येथे झाला, असे मानले जाते. वडील लखुजी जाधवराव हे निजामशाहीतील मातब्बर सरदार, आई म्हाळसाबाई. वेरूळच्या मालोजी भोसल्यांचे पुत्र शहाजीराजे यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पुढे जाधव आणि भोसले या दोन घराण्यांत वितुष्ट आले आणि माहेर व सासर यांच्यामध्ये जिजाऊंची ओढाताण झाली. थोरले चिरंजीव संभाजी यांच्यानंतर त्यांना पुन्हा दिवस गेले, ते याच धामधुमीत.

जुलै १६२९ मध्ये दौलताबादेस निजामशहाच्या दरबारात लखुजी जाधवरावांची हत्या झाली. त्यांच्याबरोबर दोन पुत्र आणि एक नातूही मारले गेले. शिवरायांचा जन्म १९ फेब्रुवारी १६३० चा. त्यावरून मागे मोजले, तर पिता आणि भाऊ एका दिवशी गेल्याची ती वार्ता आली, तेव्हा जिजाऊंना तिसरा महिना असावा.

तिसरा महिना म्हणजे ओकाऱ्यांचा, अन्नाचा वास नकोसा होण्याचा काळ. बखरकारांनी अशा गोष्टी लिहिल्या नाहीत. पण सरदाराची कन्या असो की मोलमजुरी करणारी, देहाचे नियम सर्वांना सारखेच! या दिवसांत एकदम पोटभर जेवण्याऐवजी थोडे थोडे पुन्हा पुन्हा खावे. सकाळी उठल्याबरोबर भाकरीचा कोरडा तुकडा किंवा लाह्या तोंडात टाकाव्यात. पाणीसुद्धा पोटात ठरेनासे झाले, तर घरगुती उपायांवर विसंबू नये, दवाखाना गाठावा. याखेरीज आणखी एक गोष्ट हवी असते, ती म्हणजे मनाला आधार.

तो आधार जिजाऊंना शिवनेरीने दिला. शहाजीराजांना स्वस्थता नव्हती, म्हणून त्यांनी पत्नीसाठी जागा निवडली ती विचारपूर्वक. गडाला सात दरवाजे. पिण्यासाठी कातळात खोदलेली गंगा-जमुना टाकी आणि धान्यासाठी अंबरखाना. गडावरचे विश्वासराव हे थोरल्या संभाजीराजांचे सासरचे, म्हणजे भोसल्यांचे सोयरे. सुरक्षित निवारा, जवळ पाणी, पोटाला अन्न आणि भोवती आपली माणसे! गर्भवतीला याहून अधिक काय लागते? शिवाई देवीवरील श्रद्धा मोठी खरीच. पण तिच्या जोडीला ही मानवी व्यवस्थाही होती.

पुढच्या महिन्यांतील त्रास आपल्या आया-बहिणींच्या परिचयाचे आहेत. छातीत जळजळ होत असेल, तर जेवल्याबरोबर आडवे होऊ नये. पाय सुजले, तर बसताना ते उशीवर उंच ठेवावेत आणि झोपताना डाव्या कुशीवर झोपावे. बद्धकोष्ठावर भरपूर पाणी आणि पालेभाज्या हा साधा इलाज आहे. आपल्या पश्चिम भागातल्या रानात हिरडा मुबलक मिळतो आणि पोटाच्या तक्रारीवर तो सहज दिला जातो. परंतु गर्भवतीला हिरडा वर्ज्य आहे, असे आयुर्वेदच सांगतो. लोहाची गोळी चौथ्या महिन्यापासून रोज एक, निदान १८० दिवस घ्यावी, पण चहाबरोबर नव्हे. मात्र चेहऱ्यावर व हातांवर सूज, असह्य डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, अंगावरून रक्त जाणे किंवा बाळाची हालचाल मंदावणे ही नेहमीची दुखणी नव्हेत. तेव्हा एक तासही दवडू नये.

बाळाचा जन्म झाला आणि लागलीच दख्खनवर १६३०-३२ चा भीषण दुष्काळ कोसळला. त्यातून जिजाऊंनी मूल वाढवले, उजाड झालेले पुणे पुन्हा वसवले. सून सईबाई १६५७ मध्ये पुरंदरावर बाळंत झाल्या आणि त्यांची प्रकृती ढासळली. तान्ह्या संभाजीराजांना दूध पाजण्यासाठी कापूरहोळच्या धाराऊ यांना आणावे लागले. सईबाई १६५९ मध्ये निवर्तल्या आणि नातवाची आई आजीच झाली. १६६६ मध्ये महाराज आग्र्यास गेले, तेव्हा राज्यावर मायेची आणि जरबेची नजर जिजाऊंचीच होती. ६ जून १६७४ चा राज्याभिषेक त्यांनी पाहिला आणि अवघ्या अकरा दिवसांनी, १७ जून रोजी, पाचाड येथे देह ठेवला.

आपल्या भागात आणखी एका मातेची गोष्ट सांगतात. नारायणगावच्या तमाशा-सम्राज्ञी विठाबाई भरल्या दिवसांत फडावर नाचल्या, कनातीमागे बाळंत झाल्या आणि पुन्हा रंगमंचावर आल्या, असे म्हणतात. आपण कौतुकाने टाळ्या वाजवतो. पण त्या माऊलीवर ही वेळ का यावी, हे कोणी विचारीत नाही. सोसण्याचे पोवाडे गाणे सोपे असते; सोसावे लागू नये अशी व्यवस्था करणे अवघड.

आज व्यवस्था नाही असे नाही. सरकारी रुग्णालयात प्रसूती २०११ पासून मोफत आहे, १०२ क्रमांकावर गाडी मिळते, गावात आशाताई आहेत. तरीही डिंभे धरणाच्या वरच्या वाड्यांमध्ये उन्हाळ्यात बायका डोक्यावर हंडे घेऊन चढ चढतात आणि त्यांत पोटुशी लेकीसुनाही असतात. शिवनेरीवर कातळ फोडून पाणी साठवता आले होते, आणि आपल्या वाडीतल्या गर्भवतीच्या डोक्यावरचा हंडा आपल्याला उतरवता येत नाही! शिवजयंतीला मशाल घेऊन गडावरून धावत येणाऱ्या माझ्या मित्रांना माझे एवढेच सांगणे आहे. घरी वहिनीला दिवस गेले असतील, तर तिसरा महिना संपण्यापूर्वी तिचे नाव दवाखान्यात नोंदवा, तपासणीला तिच्यासोबत जा आणि पाणी तुम्ही भरा. जिजाऊंना वाहिलेल्या फुलांइतकेच ते मोलाचे ठरेल.