सायकलचं माप ते नांगराचं माप: लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट

किर्लोस्कर म्हटलं की पंप आणि इंजिन आठवतं. पण या उद्योगाची सुरुवात झाली सायकलच्या दुकानातून. साल होतं १८८८ आणि गाव होतं बेळगाव.

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. वडील वेदान्ताचे अभ्यासक. मुलाला मात्र पुस्तकांपेक्षा चित्रं आणि यंत्रं प्रिय. वडिलांची नाराजी होती, तरी थोरले बंधू रामुअण्णा पाठीशी उभे राहिले आणि लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयात दाखल झाले. तिथे वेगळंच संकट उभं राहिलं. त्यांना काही रंगांतला फरक दिसत नव्हता. चित्रकार व्हायचं स्वप्न संपलं. राहिलं ते यांत्रिक रेखाटन, कारण त्यात रंग लागत नाहीत, माप लागतं. त्याच बळावर ते मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, शिक्षक झाले.

मुंबईतच त्यांनी सायकल पाहिली. मग भावाभावांनी धंदा ठरवला. लक्ष्मणरावांनी मुंबईत सायकली घेऊन बेळगावला पाठवायच्या, रामुअण्णांनी त्या विकायच्या आणि घेणाऱ्याला चालवायलाही शिकवायचं. दुकानाचं नाव ठेवलं ‘किर्लोस्कर ब्रदर्स’.

सायकलला माप का लागतं?

हा काळ सायकलच्या बदलाचा होता. आधीच्या उंच सायकलला पुढे भलंमोठं चाक असे आणि पायडल थेट त्या चाकालाच जोडलेलं असे. पायडलचा एक फेरा म्हणजे चाकाचा एक फेरा. त्यामुळे चाक जितकं मोठं तितका वेग जास्त. पण चाक किती मोठं घ्यायचं याला मर्यादा होती चालवणाऱ्याच्या पायाच्या लांबीची. पाय आखूड असेल तर चाकही लहानच घ्यावं लागे.

१८८५ मध्ये इंग्लंडच्या जॉन केम्प स्टार्ली यांनी ‘रोव्हर’ सायकल आणली. दोन्ही चाकं जवळपास सारखी आणि मागच्या चाकाला साखळी. आता वेग साखळीच्या चक्रांच्या दातांवर ठरू लागला आणि चाकाचा पायाशी असलेला संबंध सुटला. माप चाकावरून सरकलं ते फ्रेमवर. आपल्याकडची काळी सायकल आठवा. बावीस इंची की चोवीस इंची, असं विचारलं जायचं. ते इंच चाकाचे नसून फ्रेमचे. पायडलच्या धुरीपासून सीटखालच्या उभ्या नळीच्या टोकापर्यंतची ती लांबी. घरात एकच मोठी सायकल असेल तर पोरं नळीखालून पाय घालून अर्धं अर्धं पायडल मारायची. फ्रेम मापाची नसली की काय होतं, ते त्यांना शिकवावं लागत नसे.

ट्रायथलॉनच्या सायकलसाठी तेवढं एक माप पुरत नाही. पोहणं, सायकल आणि धावणं अशी ही शर्यत. तिच्या ‘आयर्नमॅन’ प्रकारात १८० किलोमीटर सायकल चालवायची असते. वारा कमी लागावा म्हणून स्वार कोपर टेकवून पुढे झुकतो. त्यासाठी सीटची नळी साध्या सायकलपेक्षा जास्त उभी असते आणि सीट पुढे येते. म्हणून इथे दोन मापं महत्त्वाची ठरतात. पायडलच्या धुरीपासून हँडलच्या नळीचं वरचं टोक किती उंचावर आहे, ते ‘स्टॅक’. तेच टोक धुरीच्या किती पुढे आहे, ते ‘रीच’. सारख्या उंचीच्या दोन माणसांत एकाचे पाय लांब आणि दुसऱ्याचं धड लांब असू शकतं. त्यामुळे नुसत्या उंचीवरून फ्रेम घेतली तर फसगत होते. रीच जास्त असेल तर खांदे ताणले जातात, स्टॅक कमी असेल तर मान आणि कंबर दुखते. हँडलखाली कड्या घालून ते थोडं उंच करता येतं, पण जास्त उंच फ्रेम कापून कमी करता येत नाही. म्हणून आधी बसण्याची ढब ठरवायची आणि मग तिला बसेल ती फ्रेम शोधायची.

सायकल सोडून नांगर

मुंबईच्या नोकरीत लक्ष्मणरावांची हक्काची बढती दुसऱ्याला मिळाली. त्यांनी राजीनामा दिला आणि ते बेळगावला परतले. सायकली विकता विकता कडबा कापायचं यंत्र तयार झालं आणि मग लोखंडी नांगर.

दख्खनच्या काळ्या जमिनीत हरळी आणि कुंद्याची मुळं खोल जातात. लाकडी नांगर माती ओरखडतो, उलटत नाही. लोखंडी नांगर ती उलटून टाकतो. पण लोखंडाने जमीन विषारी होते, असा शेतकऱ्यांचा समज होता. पहिला नांगर विकला जायला जवळपास दोन वर्षं लागली. इथेही मापाचाच प्रश्न होता. विलायती नांगर तसाच्या तसा उपयोगाचा नव्हता. इथली माती, इथले बैल आणि इथल्या माणसाचा हात यांना तो झेपायला हवा होता. म्हणून वेगवेगळ्या आकाराचे नांगर बनू लागले.

धंदा जरा बसतोय तोच शहराच्या विस्तारासाठी कारखान्याला बेळगावातली जागा सोडावी लागली. तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळची ३२ एकर जमीन देऊ केली. ती होती निवडुंगाने भरलेला, सापांचा माळ. १९१० मध्ये लक्ष्मणराव, रामुअण्णा, शंभुराव जांभेकर आणि मोजके सहकारी तिथे पोहोचले. त्या माळाचं किर्लोस्करवाडी झालं. नांगराबरोबर ऊस गाळायचे चरक आणि पाण्याचे पंप बनू लागले. १९२० मध्ये कंपनी मर्यादित झाली.

याच काळात अहमदनगर जिल्ह्यात, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात, प्रवरा नदीवर भंडारदरा धरण उभं राहत होतं. ते १९२६ मध्ये पूर्ण झालं आणि कालव्याच्या पाण्यावर ऊस वाढला. उसाला खोल नांगरट लागते. ज्या अवजाराला विष म्हणून नाकारलं होतं, ते आता अशा पट्ट्यांची गरज बनलं होतं.

लक्ष्मणरावांचं निधन २६ सप्टेंबर १९५६ रोजी झालं. १९६९ मध्ये, त्यांच्या जन्मशताब्दीला, टपाल खात्याने त्यांचं तिकीट काढलं. दोघा भावांनी ज्या रस्त्यावर सायकली विकल्या, तो बेळगावातला रस्ता आज किर्लोस्कर रोड म्हणून ओळखला जातो.