निळ्या कागदावरचे शेवाळ

छायाचित्रांचे पहिले पुस्तक कोणाचे, असे विचारले तर पुष्कळ जण टॅल्बट या इंग्रज संशोधकाचे नाव घेतील. मला मात्र आधी एका बाईचे नाव घ्यावेसे वाटते. टॅल्बटचे पुस्तक १८४४ मध्ये निघू लागले. अ‍ॅना अ‍ॅटकिन्सच्या पुस्तकाचा पहिला भाग ऑक्टोबर १८४३ मध्येच तयार होता. आणि विषय कोणता, तर शेवाळ!

अ‍ॅनाचा जन्म १६ मार्च १७९९ रोजी इंग्लंडातील टनब्रिज येथे झाला. दुसऱ्याच वर्षी आई वारली. वडील जॉन चिल्ड्रेन हे शास्त्रज्ञ. त्यांनी मुलीला विज्ञानाची गोडी लावली. असे घर किती मुलींच्या वाट्याला येते? वडिलांनी भाषांतरित केलेल्या, शिंपल्यांवरील एका ग्रंथासाठी तिने सुमारे अडीचशे चित्रे काढली. १८२५ मध्ये तिचे लग्न झाले. मूलबाळ झाले नाही.

तिचा खरा ध्यास वनस्पती जमवण्याचा. समुद्रशेवाळ फुलासारखे वहीत दाबून भागत नाही. पाण्याबाहेर काढताच त्याच्या फांद्या चिकटून गोळा होतो. म्हणून ते पसरट भांड्यातील पाण्यात पुन्हा तरंगू द्यायचे, खालून कागद सरकवायचा, सुईने एकेक फांदी मोकळी करायची आणि कागद हळूच उचलायचा. बरेचसे शेवाळ आपल्याच चिकाने कागदाला धरून बसते. मला तर हे काम रांगोळीपेक्षाही नाजूक वाटते.

१८४१ मध्ये हार्वे या वनस्पतिशास्त्रज्ञाचे ब्रिटिश शेवाळांवरील पुस्तक आले. त्यात चित्रेच नव्हती! नुसत्या वर्णनावरून शेवाळ ओळखायचे कसे? गोड्या पाण्यातील केसासारखे तंतू तर हाताने रेखाटणेही कठीण. १८४२ मध्ये घरच्या परिचयातील हर्शेल यांनी नवी रीत शोधली. लोहाच्या क्षारांचे द्रावण कागदाला लावून अंधारात वाळवायचे, त्यावर वाळलेली वनस्पती व काच ठेवून उन्हात धरायचे, मग पाण्याने धुवायचे. कागद निळा होतो आणि वनस्पतीची पांढरी आकृती उरते. बांधकामाचे निळे नकाशे पुढे याच रीतीने निघत. अ‍ॅनाने ही रीत उचलली आणि १८५३ पर्यंत, दहा वर्षे, हेच काम केले. पूर्ण प्रतीत सुमारे चारशे चित्रे. मजकूरही स्वतःच्या हस्ताक्षरात, त्याच निळ्या छपाईत. अशा प्रती तिने मित्रांना व संस्थांना दिल्या. एक प्रत रॉयल सोसायटीलाही मिळाली. त्या सोसायटीने स्त्रियांना सदस्य करून घेतले ते १९४५ साली!

१८६५ मध्ये तिने आपला वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह ब्रिटिश म्युझियमला दिला. ९ जून १८७१ रोजी ती वारली.

पुस्तकाच्या प्रस्तावनेखाली तिने पूर्ण नाव घातले नव्हते, फक्त ए. ए. एवढीच अक्षरे होती. १८८९ साली विल्यम लँग नावाच्या एका अभ्यासकाने त्यांचा अर्थ अनामिक हौशी असा लावला. तेव्हा तिला जाऊन अवघी अठरा वर्षे झाली होती.